लंडन लूप : शहराच्या कडेकडेने २४२ किलोमीटर, आईला घेऊन जमेल का?

निशिगंध_हॅरो · १४ एप्रिल

नमस्कार मंडळी,

आई मेच्या पहिल्या आठवड्यात पाच महिन्यांसाठी येतेय. वय ६७, वाईची. रोज पहाटे मेणवलीच्या घाटापर्यंत चालत जाऊन येते. गुडघे ठणठणीत, बीपीची एक गोळी. मागच्या खेपेला तिला टॉवर ब्रिज, राणीचा वाडा, मेणाचे पुतळे सगळं दाखवलं होतं. परत जाताना विमानतळावर म्हणाली, "छान होतं सगळं, पण तुमचं गाव काही मला कळलं नाही बघ. सुरू कुठं होतं आणि संपतं कुठं?"

तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

या हिवाळ्यात हॅच एंडच्या बाहेर एका शेताच्या कडेला खांबावर केस्ट्रेल पक्ष्याचं चिन्ह आणि बाण दिसला. लंडन लूप. घरी येऊन वाचलं, तर ही पायवाट अख्ख्या लंडनला बाहेरून वळसा घालते. पूर्वेला थेम्सच्या दक्षिण काठावर एरिथहून निघायचं आणि दक्षिण, पश्चिम, उत्तर करत पुन्हा पूर्वेला, थेम्सच्या उत्तर काठावर रेनम-पर्फ्लीटला उतरायचं. साधारण २४२ किमी, २४ टप्पे, २००१ मध्ये पूर्ण झालेली वाट. आईला द्यायला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

टप्पे क्रमानेच करावेत की जवळचे आधी? वाटेत प्रसाधनगृहांचं काय? आणि वयस्कर माणसाला घेऊन कुणी हे केलंय का?

---

केतकी_वॉटफर्ड · १४ एप्रिल

वाचतेय. माझे सासू-सासरेही जूनमध्ये येताहेत.

---

मुठाकाठी · १४ एप्रिल

पुण्याहून लिहितोय. आकडा मोठा आहे, पण चढ किती? आम्ही कात्रज-सिंहगड एका रात्रीत करतो. जुन्या बोगद्यापाशी वाघजाईला नारळ फोडून निघायचं, टेकड्यांमागून टेकड्या, पहाटे गडावर झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही. सपाटीवरून २४ दिवस चालण्यात ती मजा येईल असं वाटत नाही. काकूंना त्यापेक्षा वेल्स किंवा स्कॉटलंडचे डोंगर दाखवा.

---

भटक्या_क्रॉयडन · १५ एप्रिल

निशिगंधताई, जरूर करा. मी एकदा पूर्ण केलाय, चौदा महिने लागले. आता उलट्या दिशेने दुसऱ्यांदा चाललोय.

क्रमाचा हट्ट धरू नका. बहुतेक टप्पे स्टेशनपाशी किंवा बसथांब्यापाशी सुरू होतात आणि तसेच संपतात. तुम्ही हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने थेट मूर पार्कला जा. तिथून हॅच एंड हा चौदावा टप्पा, सहा किलोमीटरच्या आसपास. त्यात आई कशा चालतात, कुठे दमतात, किती पाणी पितात ते कळेल. किंग्स्टन ब्रिज ते हॅटन क्रॉस आणि एल्स्ट्री ते कॉकफॉस्टर्स हे दोन्ही टप्पे सोळा किलोमीटरच्या घरात जातात, ते सरळ दोन दिवसांत तोडा.

मातीकडे लक्ष ठेवा. उत्तरेला चिकण माती आहे. पाऊस पडला की बुटाला किलोभर चिखल आणि पाय घसरतो. दक्षिणेला कोल्स्डनच्या बाजूला खडूचे डोंगर, तिथं पाणी लगेच मुरतं. म्हणजे ओल्या आठवड्यात दक्षिण, कोरड्यात उत्तर. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बुटांचा एक जोड वाचला असता.

प्रसाधनगृह हा खरा प्रश्न आहे. रानातल्या टप्प्यांवर तीन-तीन तास काही नसतं. निघतानाच्या स्टेशनवर जाऊन या. वाटेत गार्डन सेंटर दिसलं की आत शिरा, स्वच्छ असतं, चहा मिळतो आणि आयांना रोपं बघायला आवडतात. पबमध्ये लेमोनेड घेऊन बसलं तरी कुणी काही म्हणत नाही.

पाट्या भरपूर आहेत, पण नेमक्या वळणावरची पाटी उन्हाळ्यात पानांमागे जाते. फोनवर नकाशा आधीच उतरवून घ्या.

@मुठाकाठी, दादा, चढासाठी इथे कुणी येत नाही. एका बाजूला मका आणि दुसऱ्या बाजूला विटांची शेवटची ओळ, अशी ती रेघ पायाखाली घेऊन चालायची असते.

---

रेडब्रिजकर · १५ एप्रिल

मी थोडा विरोधी सूर लावतो. लूपबद्दल लिहिणारे सगळे रानफुलांबद्दल लिहितात. गोल्फच्या मैदानांची कुंपणं, हमरस्त्यांचा घोंघाट, गोदामांच्या मागच्या गल्ल्या यांबद्दल कुणी लिहीत नाही. स्क्रॅचवुडला तर कमाल आहे. रानातून मस्त चालत येता आणि समोर ए-वन महामार्ग. पलीकडची वाट डोळ्यांना दिसतेय, पण ओलांडता येत नाही. रस्त्याच्या कडेने बरंच खाली जायचं, भुयारी मार्गाने पलीकडे जायचं आणि तेवढंच परत वर यायचं. कानाशी गाड्या. ६७ वर्षांच्या बाईंना तिथे नेऊन काय मिळणार?

त्यापेक्षा कॅपिटल रिंग करा. १२६ किमी, १५ टप्पे, शहराच्या आतल्या भागातून जाणारं वर्तुळ. तुमच्या हॅरो-ऑन-द-हिलवरूनच जातं. पावलोपावली स्टेशन, चहा, बाकं. आणि ते खरंच पूर्ण होतं. वुलिचला थेम्सखालून १९१२ चा पादचारी बोगदा आहे, त्यातून चालत पलीकडे गेलात की वर्तुळ मिटलं. लूपला ते भाग्य नाही. एरिथ आणि रेनमच्या मध्ये नदी आहे, पूल नाही, बोगदा नाही. नाव लूप, पण तोंड उघडंच.

---

निशिगंध_हॅरो · १५ एप्रिल

@भटक्या_क्रॉयडन, दादा, मातीचं लिहून ठेवलंय. खूप आभार.

@रेडब्रिजकर, तुमचं पटतंय आणि नाहीही. आईचा प्रश्न "संपतं कुठं" असा होता. त्याचं उत्तर आतल्या वर्तुळावर कसं मिळेल? हमरस्ता हाही गावाच्या कडेचाच भाग ना.

---

शिवारातला_वकील · १७ एप्रिल

मी सांगली जिल्ह्यातला, सध्या लेकाकडे स्लाउला आहे. लूपवर पहिल्यांदा गेलो तेव्हा एका ठिकाणी वाट थेट गव्हाच्या उभ्या पिकातून गेली होती. मी थबकलो. लेक म्हणाला, चला बाबा, हक्काची वाट आहे. शेतकऱ्याने स्वतः पिकात माणूसभर रुंदीची पट्टी मोकळी ठेवलेली.

माझी तीस वर्षं तहसील कचेरीत रस्त्यांच्या भांडणांत गेली, त्यामुळे घरी येऊन मी सगळं वाचून काढलं. इथे १९४९ च्या कायद्याने कौन्सिलांना सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. नकाशावर वाट चढली की जमीन कुणाचीही असो, चालणाऱ्याचा हक्क राहतो. जमीन विकली तरी वाट विकली जात नाही.

आपल्याकडे हे नाही असं समजू नका. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, बांधावरून जायचा हक्क त्यातून मागता येतो. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. गावनकाशात शिवरस्ते, पाणंदी सगळं काढलेलं असतं. नकाशावर वाट आहे, जागेवर ऊस आहे, एवढाच फरक. दोन भाऊ पाणंदीच्या आठ फुटांसाठी पंधरा वर्षं बोलले नाहीत, असे खटले मी चालवलेत. म्हणून त्या गव्हातल्या पट्टीवरून चालताना माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

शीव या शब्दावरून आठवलं. मुंबईचं सायन हे मूळ शीवच. मुंबई बेटाची हद्द तिथे संपायची. आज तिथे उभं राहून कुणाला वाटेल का, की ही एका शहराची कड होती? लंडनने आपली शीव चालण्याजोगी ठेवली, त्याचं मला अप्रूप वाटतं.

---

मुठाकाठी · १७ एप्रिल

@शिवारातला_वकील, काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं पहिलं म्हणणं मागे घेतो.

मी रोज वेताळ टेकडीवर जातो. रस्ता आणि बोगद्यांविरुद्ध आम्ही माणसं गोळा केली, तेव्हा पुष्कळांनी विचारलं, टेकडीवर नुसतं फिरता ना, मग रस्ता झाला तर बिघडलं काय? "नुसतं फिरणं" हाच वापर आहे हे पटवायला आमच्याकडे शब्द नव्हते. तळजाई, पाचगाव-पर्वती, चतु:शृंगी, वेताळ, बावधनच्या टेकड्या, पुढे कात्रजचा डोंगर. नकाशावर जोडून पाहा, पुण्याच्या गळ्यात अर्धी माळ तयार आहे. गाड्यांसाठी रिंगरोड होतोय. पायांसाठी का नको? खांबावर एक चिन्ह आणि बाण, एवढाच खर्च.

---

भटक्या_क्रॉयडन · १८ एप्रिल

@मुठाकाठी, इथेही आपोआप काही वाचलं नाही. कोल्स्डनची कुरणं बंदिस्त होऊ लागली तेव्हा लंडनच्या कॉर्पोरेशनने १८८३ मध्ये ती लोकांसाठी विकत घेतली. फार्दिंग डाउन्स त्यातलंच. एपिंगच्या जंगलासाठी १८७८ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. मग १९३८ मध्ये हरित पट्ट्याचा कायदा आला. पायवाट मात्र सगळ्यात शेवटी आली. आधी जागा वाचल्या, मग त्या एका दोऱ्यात ओवल्या. तुमची माळ तयार असेल तर आधी मणी सांभाळा.

---

भूमापक · २० एप्रिल

थोडं अवांतर, पण वाटेवरचंच आहे. नवव्या टप्प्यात हाउन्स्लो हीथ लागतं. खुरट्या झुडपांचं सपाट माळरान, डोक्यावरून हीथ्रोची विमानं. बहुतेक लोक घाईने ओलांडतात. मी तिथे अर्धा तास उभा होतो.

१७८४ मध्ये जनरल विल्यम रॉय यांनी याच माळावरून सुमारे पाच मैलांची पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली सरळ रेघ, मोजली. ब्रिटनच्या शास्त्रशुद्ध मोजणीची ती सुरुवात, पुढे ऑर्डनन्स सर्व्हे हे सरकारी नकाशा खातं त्यातूनच उभं राहिलं. एक टोक आजच्या विमानतळाच्या बाजूला, दुसरं हॅम्प्टनला. पुढे दोन्ही टोकांना खुणेसाठी तोफा उभ्या पुरल्या. हीच पद्धत घेऊन लॅम्बटन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजायला बसला आणि आपल्या देशाची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू झाली. मी नोकरीत ज्या खुणांवरून त्रिकोण जोडले त्यांचं कूळ या माळावर आहे. लूप नसता तर मी हाउन्स्लोला कशाला गेलो असतो?

---

केतकी_वॉटफर्ड · २० एप्रिल

असं काही असेल तर आणखी सांगा ना. मुलांना घेऊन जाताना गोष्टी लागतात.

---

भटक्या_क्रॉयडन · २१ एप्रिल

मुलांसाठी पेट्स वुड. लूपपासून थोडं आत विल्यम विलेटच्या स्मरणार्थ दगडी छायायंत्र आहे. १९०७ मध्ये त्याने पत्रक काढलं, की उन्हाळ्यात घड्याळं पुढे करा, सकाळचा उजेड वाया जातोय. तो १९१५ ला गेला आणि १९१६ ला त्याचं म्हणणं लागू झालं. भारतात फोन लावताना साडेचार तास की साडेपाच हा आपला वर्षातून दोनदा होणारा घोटाळा या रानातून निघाला. छायायंत्र उन्हाळी वेळच दाखवतं.

आणि केस्टनला विल्बरफोर्सचा ओक. १७८७ मध्ये पंतप्रधान पिटशी तिथल्या झाडाखाली बोलताना गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटात उभं राहायचं त्याने ठरवलं. आता शेजारी दगडी बाक आहे. मूळ झाड राहिलेलं नाही.

---

काशीकर_अण्णा · २३ एप्रिल

शहराला बाहेरून पायी वळसा घालणं ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट आहे. काशीची पंचक्रोशी मी १९९१ साली वडिलांबरोबर केली. सुमारे ८० किमी, पाच मुक्काम: कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा. मणिकर्णिकेवर संकल्प सोडायचा आणि तिथेच फिरून यायचं. धर्मशाळेत रात्री पाय चेपायला एकमेकांची पोरं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी फेरी तर इथल्या पुष्कळांनी केली असेल. सौ. निशिगंध, आईंना "ट्रेक" म्हणू नका, "फेरी" म्हणा. पाय आपोआप निघतील.

---

निशिगंध_हॅरो · ९ जून

धागा वर काढतेय. अण्णा, तुमचा मंत्र चालला! आई तीन वर्षांपूर्वी ब्रह्मगिरीला जाऊन आली आहे. फेरी म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "अनवाणी का बूट घालून?"

सात टप्पे झाले. मूर पार्क-हॅच एंडला तिने झुलतं फाटक पहिल्यांदा पाहिलं. एका वेळी एकच माणूस आत, फाटक इकडे ढकलायचं, कोपऱ्यात सरकायचं, मग तिकडून बाहेर. तिने ते तीनदा उघडझाक करून पाहिलं. म्हणाली, "गुरं अडावी आणि माणूस अडू नये. किती साधी युक्ती!" त्यानंतरच्या प्रत्येक फाटकावर ती पुढे होते आणि आमच्यासाठी धरून उभी राहते.

प्रसाधनगृहाचा त्रास एकदाच झाला. परतीची एक बस आलीच नाही आणि आम्ही पाऊण तास थांब्यावर. शेजारच्या घरातल्या आजींनी खिडकीतून पाहिलं आणि आत बोलावलं. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. दोघी बागेतल्या टोमॅटोच्या रोपांसमोर दहा मिनिटं बोलत होत्या.

एक सूचना: उन्हाळ्यात वाटेच्या दोन्ही अंगांना नेटल कमरेएवढं वाढतं, लागलं की आग आग होते. पूर्ण पायघोळ आणि पायमोजे घालाच.

---

रेडब्रिजकर · १० जून

वाचून बरं वाटलं. स्क्रॅचवुड झालं का?

---

निशिगंध_हॅरो · १० जून

झालं, दादा. तुम्ही लिहिलंत तस्संच आहे. आई भुयारात शिरताना म्हणाली, "वाईला हायवे ओलांडायला असं भुयार असतं तर किती माणसं वाचली असती." मी गप्प झाले.

---

मुठाकाठी · १९ ऑगस्ट

इकडची बातमी. आम्ही आठ जणांनी दर रविवारी एक तुकडा असं सुरू केलंय. तळजाई ते पाचगाव झालं, वेताळ ते चतु:शृंगी झालं. मधे जिथे वाट तुटते तिथे वहीत लिहितो: भिंत, सोसायटीचं गेट, राडारोडा. वकीलकाका, गावनकाशे कसे मागवायचे ते सांगाल का?

---

शिवारातला_वकील · १९ ऑगस्ट

भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा, नक्कल मिळते. गावाचं जुनं नाव आणि गट नंबर हाताशी ठेवा. मी नोव्हेंबरात परत येतोय, एका रविवारी बरोबर चालेन. वहीत प्रत्येक भिंतीपुढे तारीखही घाला, पुढे उपयोगी पडते.

---

निशिगंध_हॅरो · २१ सप्टेंबर

झाली फेरी. आईचे २४ पैकी २१ टप्पे. ओल्या मातीमुळे दोन सोडले, एक माझ्या तापामुळे राहिला.

ऑगस्टमध्ये हॅवरिंगच्या बाजूला ब्लॅकबेरीचा बहर होता. माझ्या बोटांना काटे लागत होते, आईच्या नाही. तिने दाखवलं: फळ ओढायचं नाही, खालून बोटाने नुसतं उचलायचं. पिकलेलं असेल तर हातात येतं, नसेल तर राहू द्यायचं. ओढणीच्या खोचणीत दीड किलो तरी जमवली असतील. करवंदांसारखं लोणचं घालून पाहिलं. बिया कचकच लागतात, मुरंबाच बरा.

काल शेवटचा टप्पा, रेनम. नदीकाठी दुसऱ्या महायुद्धातले काँक्रीटचे पडाव (मालवाहू नावा) चिखलात रुतून बसलेत, त्यांच्यावर पाणपक्षी. पुढे दलदल, पूर्वी सैन्याचं गोळीबाराचं मैदान होतं, आता पक्ष्यांसाठी राखलेली. कोल्डहार्बरच्या टोकाला पोचलो आणि समोर थेम्स. रुंद, मातकट, भरतीची. पलीकडे एरिथ. मे महिन्यात जिथून निघालो होतो तो धक्का समोर दिसत होता, आणि तिथे जायला वाट नव्हती.

मला खरंच वाईट वाटलं. मी आईला म्हटलं, बघ ना, एवढं चालून फेरी पुरी होत नाही. ती दशमीचा तुकडा मोडत म्हणाली, "शंकराच्या देवळात होते का पुरी? अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडत नाहीत. तिथवर जायचं नि मागं फिरायचं. सोमसूत्री म्हणतात त्या प्रदक्षिणेला. तुमच्या गावाचं सगळं पाणी इथूनच बाहेर पडतंय की."

मग ती उतरून पाण्यापाशी गेली, ओंजळ भरली, सोडली.

---

काशीकर_अण्णा · २१ सप्टेंबर

आईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

---

रेडब्रिजकर · २१ सप्टेंबर

मी "तोंड उघडंच" असं लिहिलं होतं, ते शब्द परत घेतो. रेनमला दोनदा जाऊनही मला हे दिसलं नव्हतं.

---

भूमापक · २२ सप्टेंबर

राहिलेले तीन टप्पे कुठले? त्यात हाउन्स्लो हीथ नाही ना?

---

निशिगंध_हॅरो · २२ सप्टेंबर

नाही, भूमापककाका, ते केलं. तुम्ही सांगितलेल्या पायारेषेचं आईला सांगितलं, तर तिने माळाच्या एका टोकापासून पावलं मोजायला सुरुवात केली. ११०० वर विमान आलं आणि आकडा चुकला. राहिलेत ते तिसरा, चौथा आणि सतरावा. आई शनिवारी निघतेय, ते पुढच्या खेपेला.

---

केतकी_वॉटफर्ड · २३ सप्टेंबर

आमचं जूनमध्ये राहूनच गेलं. सासूबाई अजून तीन आठवडे आहेत. परवा हा धागा त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला, आता त्या बूट घालून दारात बसल्यात. रविवारी दहा वाजता मूर पार्क स्टेशनबाहेर येताय का कुणी?

---

निशिगंध_हॅरो · २३ सप्टेंबर

मी येते. आई गेल्यावर रविवारी घरात बसवणार नाही. दशम्या मी आणते, तुम्ही नुसतं पाणी घ्या. आणि ऊन असलं तरी सासूबाईंना जाड पायमोजे घाला.

---

भटक्या_क्रॉयडन · २३ सप्टेंबर

शुक्रवारी पाऊस सांगितलाय. तिकडे चिखल असेल. काठी घ्या बरोबर.